लिनक्स अवघड आहे का? म्युनिकच्या १५,००० संगणकांची आणि मावशीच्या एका संगणकाची गोष्ट

पीएचडी कशावर करतेयस, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: विंडोज सोडून इतर ऑपरेटिंग सिस्टिम सामान्य माणसांच्या टेबलावर आणायचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास. त्यावर येणारा प्रश्नही ठरलेला असतो. "म्हणजे लिनक्स वगैरे? पण ते अवघड असतं ना?"

काम सुरू केलं तेव्हा मलाही वाटायचं की आपल्या प्रबंधाला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, 'हो' किंवा 'नाही'. चार वर्षं जुने अहवाल, चाचण्या आणि कोर्टाचे निकाल वाचल्यावर मात्र माझं मत झालंय की या प्रश्नातच थोडी गडबड आहे. ती कुठे आहे ते आज सांगते. पण आधी एक घरची गोष्ट.

मावशीचं दुकान

आमच्या तालुक्याच्या गावी मावशीचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. २०१२ साली मी कॉलेजात होते आणि नुकतीच लिनक्सच्या प्रेमात पडले होते. दुकानातला संगणक गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसने कायम आजारी असायचा. मी मावशीला पटवलं, विंडोज काढून उबुंटू टाकलं. दोन तासांत ती रुळली. एक अर्ज टाइप केला, प्रिंट काढली, मेल पाठवला. "सोपं आहे की गं," म्हणाली. मी खूश.

चौथ्या दिवशी तिचा फोन. लग्नपत्रिकेची फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण साधं होतं. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट एक युक्ती करायचे: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. तो फॉन्ट असेल तर 'शुभविवाह' दिसणार, नसेल तर अगम्य अक्षरं. तिचं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं आणि गावातल्या प्रेसपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या फाइली त्याच फॉन्टात. समोर नवऱ्या मुलाचे वडील बसलेले. त्याच संध्याकाळी मी विंडोज परत टाकलं.

मावशी चिडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझं ते चांगलं होतं गं. पण गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं, त्याला मी काय सांगू?"

माझा प्रबंध एका अर्थी या वाक्यावर उभा आहे.

खरंच अवघड होतं, तो काळ

आधी दुसऱ्या बाजूला न्याय देऊ. लिनक्स एकेकाळी खरोखरच अवघड होतं. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ते सुरू केलं, आणि पुढची काही वर्षं ते प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅमरांसाठी बनवलेलं होतं. हार्ड डिस्कचे भाग स्वतः पाडा, मॉनिटरची माहिती एका फाइलीत हाताने लिहा, आवाज येत नसेल तर रात्र जागवा. ज्यांना हे जमायचं त्यांना त्याचा अभिमान होता. ज्यांना जमत नव्हतं त्यांना सल्ला मिळायचा: मॅन्युअल वाचा.

१९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले. खिडक्या, मेनू, आयकॉन असलेला नेहमीसारखा डेस्कटॉप लिनक्सवर आणणं हा दोघांचाही हेतू. पण ग्नोम नेहमीच्या माणसाला वापरता येतो का, हे नीट तपासलं गेलं ते २००१ मध्ये. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १२ जणांना ग्नोमसमोर बसवलं, छोटी छोटी कामं दिली आणि नुसतं पाहिलं. लोक अडखळत होते. प्रोग्रॅमच्या नावावरून आत काय आहे ते कळत नव्हतं. सेटिंगचे पर्याय इतके की हवा तो सापडेना. बनवणाऱ्यांना जे स्वातंत्र्य वाटत होतं ते वापरणाऱ्याला जंगल वाटत होतं.

माझ्या दृष्टीने या अभ्यासाचं महत्त्व पुढे जे झालं त्यात आहे. ग्नोमच्या लोकांनी ते मनावर घेतलं. डेस्कटॉप कसा दिसावा-वागावा याचे लेखी नियम केले आणि जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मधून ढीगभर सेटिंग काढून टाकली. जुने वापरकर्ते भडकले, "आम्हाला मूर्ख समजता का?" म्हणाले. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. पण पडद्यावरचा अवघडपणा कमी करता येतो, हे सिद्ध झालं.

किती कमी झाला? २००३ मध्ये बर्लिनच्या रेलेव्हंटिव्ह या संस्थेने एक चाचणी घेतली. ६० जणांना केडीई असलेलं लिनक्स दिलं, २० जणांना विंडोज एक्सपी. कामं तीच: पत्र लिहिणं, मेल पाठवणं, फाइल शोधणं, सीडीवर उतरवणं. विंडोजवाल्यांना सरासरी ४१.२ मिनिटं लागली, लिनक्सवाल्यांना ४४.५. फरक सव्वातीन मिनिटांचा.

आता एक मेख. चाचणीतले संगणक आधीच तयार करून ठेवलेले होते. लिनक्स टाकायला कोणालाही सांगितलं नव्हतं. टीकाकार म्हणाले, ही तर पळवाट झाली. पण मला उलटा प्रश्न पडतो: विंडोज तरी कोणी स्वतः टाकतं का? ते दुकानातून टाकूनच येतं. बिघडलं तर 'तो संगणकवाला मुलगा' येतो. विंडोजच्या सोपेपणातला मोठा भाग असा दुसऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो, आणि म्हणून तो दिसत नाही.

जज साहेबांनी मोजलेला अडथळा

हे फक्त लिनक्सचं नाही. लिनक्सच्या आधी आयबीएमचं ओएस/२ होतं. १९९४ मध्ये आलेली त्याची 'वॉर्प' आवृत्ती चांगली होती, मागे आयबीएमसारखी कंपनी होती आणि जाहिरातीला पैसाही. तरी ते टिकलं नाही.

का, याचं उत्तर अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात सापडतं. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी आपले निष्कर्ष दिले. त्यांत नोंद आहे की ऐन भरात असताना ओएस/२ कडे सुमारे २,५०० प्रोग्रॅम होते आणि बाजाराचा साधारण १० टक्के हिस्सा. विंडोजसाठी ७०,००० हून जास्त प्रोग्रॅम होते. हे चक्र कसं फिरतं तेही त्यांनी सांगितलं: लोक विंडोज घेतात कारण प्रोग्रॅम तिथे आहेत, आणि प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठी लिहितात कारण लोक तिथे आहेत. निकालात या अडथळ्याला स्वतंत्र नाव आहे, आणि त्यात माऊस कुठे क्लिक करायचा याचा काही संबंध नाही.

मावशीचा फॉन्ट म्हणजे याच अडथळ्याचं तालुका पातळीवरचं रूप.

म्युनिक: निर्णय, दहा वर्षं आणि माघार

आता माझ्या प्रबंधाच्या मुख्य प्रकरणाकडे येते. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेकडे २००३ साली सुमारे १४,००० संगणक होते, बहुतेक विंडोज एनटी ४ वर. मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीला वाऱ्यावर सोडणार होतं, म्हणजे बदल करावा लागणारच होता. मग नवं विंडोज घ्यायचं की लिनक्स? मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले, सवलत देऊ केली. तरीही मे २००३ मध्ये नगर परिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रकल्पाचं नाव लिमुक्स.

पहिले संगणक बदलायला २००६ उजाडलं. काम २०१३ च्या अखेरीस पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा साधारण १५,००० संगणक लिनक्सवर होते. दहा वर्षं का लागली? कारकुनांना लिनक्स शिकता येईना म्हणून, असा माझा अंदाज होता. तो चुकला. खरं कारण मावशीच्या दुकानातलंच होतं, फक्त हजारपट मोठं.

महापालिकेत वीसहून जास्त वेगवेगळे संगणक विभाग होते. प्रत्येक खात्याची कामाची पद्धत वेगळी. वर्डमधले हजारो नमुने, त्यांना जोडलेले मॅक्रो, म्हणजे एका बटणावर पत्राचा मायना, खात्याचा शिक्का, अर्जदाराचा पत्ता भरून देणारे छोटे प्रोग्रॅम. कोणी कधी लिहिले याचा पत्ता नाही, पण खातं त्यांवर चालत होतं. ते सगळं गोळा करायचं, निम्मं टाकून द्यायचं, उरलेलं नव्याने लिहायचं. त्यासाठी म्युनिकने वोलमुक्स नावाचं स्वतःचं साधन बनवलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. विंडोजची नवी आवृत्ती घेतली असती तरी या पसाऱ्यातला बराच भाग कधीतरी आवरावा लागलाच असता. पण तो आवरायची वेळ लिनक्समुळे आली, म्हणून त्रासाचं बिलही लिनक्सच्या नावावर फाटलं.

दुसरी अडचण वेशीबाहेरची. म्युनिकच्या फाइली म्युनिकमध्ये नीट उघडायच्या. पण राज्य सरकार, केंद्र सरकार, ठेकेदार सगळे मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर. तिकडून आलेल्या फाइलीत तक्ता सरकलेला, इकडून गेलेल्या फाइलीत मजकूर हललेला. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतंच होतं.

२०१४ मध्ये महापौर बदलले. नवे महापौर डीटर रायटर आणि उपमहापौर योझेफ श्मिड दोघंही लिमुक्सवर नाराज. २०१६ मध्ये बाहेरच्या सल्लागारांचा अहवाल आला. मोठ्या अडचणी तंत्राच्या नाहीत, कारभाराच्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं: जुन्या आवृत्त्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, जबाबदारी कोणाची ते स्पष्ट नाही. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये विंडोजकडे परत जायचं ठरलं. अंदाजे खर्च सुमारे ५ कोटी युरो. मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय २०१६ मध्येच म्युनिक शहरात आलं होतं, त्याकडे अनेकांनी बोट दाखवलं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मीही तिथेच थांबते.

गोष्ट तिथे संपली नाही हे मात्र सांगायला हवं. २०२० च्या निवडणुकीनंतर आलेल्या आघाडीने पुन्हा ठरवलं की शक्य तिथे खुलं सॉफ्टवेअर वापरायचं. म्हणजे 'म्युनिकने सिद्ध केलं की लिनक्स जमत नाही' हे वाक्य जितकं अपुरं, तितकंच 'राजकारणाने लिनक्सला मारलं' हेही अपुरं. एक शहर दहा वर्षं रोज लिनक्सवर चाललं, हेही खरंच आहे.

तोच प्रश्न, दोन उत्तरं

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका छोट्या प्रकरणाने. ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसने ईई पीसी हा ७ इंची, स्वस्त लॅपटॉप आणला. नुकतंच आलेलं विंडोज व्हिस्टा एवढ्या लहान यंत्राला झेपणारं नव्हतं, म्हणून त्यात झँड्रोस लिनक्स होतं. मोठे आयकॉन, 'इंटरनेट', 'काम', 'शिक्षण' अशी वर्गवारी. लहान मूलही वापरू शकेल असं. मायक्रोसॉफ्टने धोका ओळखला आणि एप्रिल २००८ मध्ये अशा छोट्या यंत्रांसाठी एक्सपीचं आयुष्य वाढवलं.

त्याच वर्षी एमएसआय या कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं की त्यांचे लिनक्सचे नेटबुक एक्सपीवाल्यांच्या किमान चौपट प्रमाणात परत येतात. झालं, लिनक्स अवघड असल्याचा पुरावा मिळाला! पण २००९ मध्ये डेलकडून अगदी उलट ऐकू आलं: परत येण्याच्या प्रमाणात फारसा फरक नाही, कारण काय विकत घेताय हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगतो.

पहिल्या वेळी मला वाटलं, दोघांपैकी एक जण थापा मारतोय. आता वाटतं, दोघंही खरं बोलत असावेत. ज्याला विंडोज मिळणार असं वाटत होतं, त्याने खोका उघडला आणि ओळखीचं काही दिसलं नाही म्हणून परत केला. ज्याला आधी सांगितलं होतं, त्याने ठेवला. दोन्हीकडे लिनक्सच. बदलली ती विकणाऱ्याची पद्धत.

'कॉम्प्युटर येतो' म्हणजे काय येतं?

इथे आपल्याकडचा एक धागा जोडावासा वाटतो. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालतो. लाखो लोकांनी तो केला, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागायला लागलं. गावोगावच्या या वर्गांनी संगणकाची भीती घालवली, हे त्यांचं मोठंच काम. पण शिकवलं गेलं ते मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. त्यामुळे आपल्याकडे "मला कॉम्प्युटर येतो" याचा अर्थच "मला विंडोज आणि वर्ड येतं" असा झाला. स्टार्ट बटण जन्मतः कोणालाच सोपं नसतं. तीन महिने फी भरून, सराव करून ते सोपं झालेलं असतं.

केरळने वेगळी वाट घेतली. तिथेही २००१ च्या आसपास 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला आणि सुरुवातीचा अभ्यासक्रम विंडोजभोवतीच होता. शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. पुढे शाळांसाठी खास तयार केलेलं लिनक्स आलं, मल्याळममध्ये टाइप करायची सोय आली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, प्रत्येक शाळेत संगणकाची जबाबदारी असलेला एक शिक्षक नेमला गेला. दशकाच्या उत्तरार्धात दहावीची आयटी परीक्षाही त्यावरच होऊ लागली. तिथे शिकणाऱ्या मुलासाठी लिनक्स हा 'पर्याय' नव्हता, तो नुसता शाळेतला संगणक होता.

म्युनिक आणि केरळ यांची सरळ तुलना करता येत नाही, हे मला माहीत आहे. शाळेतल्या मुलाला बाहेरच्या खात्याची फाइल उघडायची नसते. पण म्हणूनच ही जोडी उपयोगी आहे. जिथे शिकवणारा आहे, बिघडलं तर बघणारा आहे आणि बाहेरच्या फाइलींचं ओझं नाही, तिथे तेच लिनक्स सोपं ठरतं.

माझं म्हणणं

तर माझं म्हणणं थोडक्यात असं: सोपेपणा पडद्यावर असतोच, पण त्याहून जास्त तो पडद्याभोवती असतो. यंत्र कोण तयार करून देतं, अडलं तर शेजारी कोण आहे, आपल्या फाइली दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या आपल्याकडे उघडतात का, आणि आधी आपण काय शिकलोय. २००१ ते २००३ या काळात पडद्यावरचं अंतर जवळजवळ मिटलं. भोवतालचं मिटलं नाही, कारण ते एकट्या प्रोग्रॅमरच्या हातात नव्हतंच.

माझ्या मार्गदर्शकांचा यावर एक रास्त आक्षेप आहे: असं म्हटलं की बनवणाऱ्यांना सगळं माफ होतं. तसं व्हायला नको. वायफाय न चालणं, प्रिंटर न ओळखला जाणं, झाकण लावल्यावर लॅपटॉप पुन्हा जागाच न होणं हे त्रास खरे होते आणि काही यंत्रांवर अजून आहेत. पण मग अँड्रॉइडकडे बघा, क्रोमबुककडे बघा. दोन्हींच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. कंपनीने यंत्रासकट तयार करून हातात दिलं, तेव्हा "लिनक्स अवघड असतं ना?" असं कोणी विचारलं नाही.

प्रबंध कधी पूर्ण होईल ते होईल, प्रश्न मात्र परत दारात आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि पुष्कळ जुन्या, धडधाकट संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. मावशीचा संगणक त्यांपैकीच. परवा तिचा फोन आला. "काय गं, आता टाकायचं का तुझं ते?"

२०१२ मध्ये मी पेनड्राइव्ह घेऊन थेट एसटीत बसले असते. या वेळी वही काढली. गेल्या महिन्यात किती फाइली जुन्या फॉन्टात आल्या? किती गिऱ्हाइकांनी मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवला? प्रिंटर कुठला? मी पुण्यात असताना काही अडलं तर तुझ्याकडे कोण येईल? तिने पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच दिली. निम्म्याहून जास्त मजकूर आता युनिकोडमध्येच येतो म्हणाली, जुन्या लग्नपत्रिका तेवढ्या अडकलेल्या.

चौथ्या प्रश्नावर ती थांबली. मग म्हणाली, "बघते. शेजारच्या मोबाइलवाल्याच्या पोराला विचारते." त्याचं उत्तर येईपर्यंत मी काही टाकणार नाहीये.